भात निम्मा केला, तरी दुपारची साखर दोनशेच्या खाली येईना

गेल्या वर्षीच्या माझ्या वहीत जून ते ऑगस्टपर्यंत दुपारच्या रकान्यात एकच रडगाणे आहे. २०८, २१४, २२१, १९८, २१२. मला टाइप २ मधुमेह होऊन आठ वर्षे झाली. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड सकाळी, अशा गोळ्या चालू आहेत. जेवणानंतर दोन तासांनी साखर १८०च्या आत हवी, हे मला पाठ होते. म्हणून दोन डाव भाताचा एक डाव केला, बटाटा बंद केला, चहातली साखर तर केव्हाच गेली होती. आकडा काही हलेना. घरच्यांना वाटायला लागले की ही चोरून खाते. तोंडावर कोणी बोलले नाही, पण डबे कुठे ठेवले आहेत त्यावरून कळते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात जास्त निघाले, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाला. आमच्या फोंड्यात तर कोणाच्याही पडवीत बसले की पाच मिनिटांत गोष्ट गोळ्यांवर येते, आणि "भात कमी केला गो, तरी उतरत नाही" ही तक्रार दर दुसऱ्या घरात ऐकू येते. माझी अडचण कशी सुटली ते म्हणूनच सविस्तर लिहिते आहे. तुमचे कारण वेगळे असेल, पण ते शोधायची रीत हीच.

चूक मोजण्यात होती

तपासणीला वही घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "जेवायला बसण्याआधी किती होती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन महिने मी फक्त जेवणानंतरचीच साखर बघत होते. त्यांनी सांगितले, चार दिवस दोनदा मोजा. एकदा पहिला घास घेण्यापूर्वी आणि एकदा त्या पहिल्या घासापासून घड्याळ लावून दोन तासांनी. हात धुतल्यापासून दोन तास धरू नका.

पहिल्याच दिवशी जेवणाआधी १६८ आणि नंतर २११. दुसऱ्या दिवशी १७३ आणि २१५. जेवणाने वाढवलेली साखर जेमतेम ४२-४३. ज्या भाताला मी तीन महिने दोष देत होते, तो आपले काम नीट करत होता. मी जेवायला बसतानाच साखर चढलेली असायची.

ही एक गोष्ट नीट समजली की पुढचे सोपे जाते. जेवणाआधीचाच आकडा जास्त असेल, तर ताटात काही शोधू नका, त्याच्या आधीच्या तीन-चार तासांत शोधा. आधीचा आकडा चांगला असून नंतर मोठी उडी असेल, तर मग ताट. उडी किती म्हणजे मोठी, याची माझ्यापुरती खूण मी पन्नासची ठेवली आहे.

अकराची पेज

माझ्या बाबतीत चोर सापडायला वेळ लागला नाही. नाश्त्याला एक भाकरी आणि भाजी, तिच्यानंतर दोन तासांनी १४०च्या आसपास. मग अकराला पेज. लहानपणापासूनची सवय आहे. उकड्या तांदळाची गरम पेज, मिठातला तोर (कैरी), कधी भाजलेला खारा बांगडा. वहीत मी ती कधी लिहिलीच नव्हती, कारण आमच्याकडे पेजेला कोणी खाणे म्हणत नाही. नणंदेला सांगितले तर तिने कपाळाला हात लावला. "वयनी, पेज म्हणजे पाणीच की! आजाऱ्याला देतात ती."

दुसऱ्या दिवशी माझ्या एकटीच्या पेजेचे कोरडे तांदूळ काट्यावर ठेवले. ५० ग्रॅम. त्यात कर्बोदके सुमारे ३९ ग्रॅम. दुपारचा माझा डावभर शिजलेला भात भरला १३० ग्रॅम, त्यात कर्बोदके ३६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अकराला मी पूर्ण जेवण जेवत होते आणि दीडला पुन्हा तेवढेच.

त्यात पेजेचा स्वभाव असा की ती भातापेक्षाही लवकर साखरेत उतरते. शीत फुटेपर्यंत शिजलेले असते, पिठूळपणा सगळा पाण्यात मोकळा झालेला असतो, चावायला काही नाही, सोबत डाळ नाही, भाजी नाही. आजाऱ्याला ती देतात ते याच गुणासाठी, पोटाला काम न पडता अंगाला लागते. मधुमेह असलेल्याला तोच गुण नडतो.

आता माझी मोठी चूक सांगते, ती कोणी करू नये. चोर सापडला म्हणून मी त्याच दिवसापासून पेज एकदम बंद केली. कोणाला विचारले नाही. तिसऱ्या दिवशी साडेबाराला बाजारात तांबड्या भाजीच्या जुड्या निवडत होते, तेव्हा बोटे थरथरायला लागली. मानेवरून घाम, पिशवी हातात आहे की नाही ते कळेना. भाजीवालीने माझा दंड धरला आणि "बस हांगा वयनी" म्हणून तिच्या पाटावर बसवले. पर्समधल्या मशीनवर ५८ आले. शेजारच्या दुकानातून तिने साखर मागवली. तीन चमचे पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी ७९, आणि मग तिनेच दिलेले केळे खाल्ले. सकाळच्या ग्लिमेपिराइडला अकराच्या पेजेचा हिशेब ठाऊक होता. मी पेज काढली, गोळी तशीच राहिली.

म्हणून ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कुठलेही खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा कोसळत नाही, पण या बाकीच्यांनी कोसळते. ७०च्या खाली आकडा आला की साखर, ग्लुकोज किंवा बाटलीतले गोड कोकम सरबत ताबडतोब घ्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. अशा वेळी बिस्किट, चॉकलेट शोधत बसू नये, त्यातल्या तुपातेलामुळे साखर उशिरा चढते. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ १०८.

डॉक्टरांनी माझ्या गोळीची मात्रा कमी केली आणि पेजेला पर्याय दिला. आता अकराला वाटीभर अळसांद्याचे तोणाक किंवा मुगागाठी, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची नाहीतर मुगाची रस्सा उसळ, आणि पेज हवीच असेल तर चहाच्या पेल्याएवढी, तीही उसळ खाऊन झाल्यावर. दोन आठवड्यांनी जेवणाआधी १२९, १३४, १२६ आणि नंतर १७६, १७१, १७४. दुपारच्या ताटाला मी बोटही लावले नव्हते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ८.४ होती, ती ७.३ झाली. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्ये आणि मासे किती खायचे ते मात्र डॉक्टरांनाच विचारायला हवे.)

ताटच दोषी असेल तर

माझ्या दिरांची तक्रार वरवर माझ्यासारखीच, पण आकडे वेगळे निघाले. सकाळी खाण्याआधी ११८, दोन तासांनी २२९. इथे उडीच १११ची. ते सकाळी दोन पोई (भट्टीतली गोल, पोकळ रोटी) खातात, सोबत पातळभाजी आणि गोड चहा. "पाव सोडला, आता पोई खातो, कोंड्याची असते" असे ते मोठ्या समाधानाने सांगायचे.

पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला तेव्हा मी बाहेर जाऊन त्यालाच विचारले, पोईत कोंडा किती? तो बरीच वर्षे आमच्या वाड्यावर येतो, खोटे बोलणार नाही. "चड मैदोच, काकी. कोंडो वयल्यान लायतात." मैदाच जास्त, कोंडा वरून लावलेला. सगळ्या भट्ट्यांत असेच असेल असे नाही, पण विचारून घ्या. पोई मधोमध फाडून बघितली तरी कळते, आतला गर पांढराशुभ्र असेल तर तो पावच. आमची एक पोई ७२ ग्रॅमची भरली, म्हणजे कर्बोदके ३५ ग्रॅमच्या आसपास. दोन पोयांचे ७०, वर चहातली साखर.

त्यांनी एका आठवड्यात एकच बदल केला, चहा बिनसाखरेचा. उडी ९० वर आली. पुढच्या आठवड्यात एक पोई कमी करून पातळभाजी दुप्पट. तेव्हा नंतरचा आकडा १७२. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी त्यांना बजावले होते. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि मग माणूस सगळेच सोडून देतो.

दुपारच्या ताटात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. शीत आणि हुमण (भात आणि माशाची आमटी) पहिल्या घासापासून एकत्र कालवायची सवय. त्याऐवजी आधी भाजी आणि मासळी खाऊन घेतली, आणि भात शेवटी घेतला, तर तेवढ्याच भाताने साखर कमी चढते. हे अभ्यासांतही दिसले आहे आणि माझ्या वहीतही. तांबडी भाजी, दोडकी, भेंडे, वालपापडी, जे असेल ते वाटीभर आधी. मग आमटीतला नाहीतर तव्यावरचा बांगडा. मासळीत कर्बोदके नसतातच म्हटले तरी चालेल, रव्याचा पातळ थर असला तर थोडी येतात, त्याची एवढी धास्ती नको. भाताकडे येईपर्यंत दहा मिनिटे जायला हवीत. सासूबाईंना हे पंगतीला शोभत नाही असे वाटते. मी हुमण वेगळ्या वाटीत घेते, एवढ्यावर आमची तडजोड झाली आहे.

"उकडे तांदूळ चालतात, सुरय (न उकडलेले) चालत नाहीत" हे अर्धे खरे आहे. उकड्या तांदळाने साखर थोडी हळू चढते, आणि तांबूस कोंडा शिल्लक असेल तर आणखी बरे. पण कर्बोदके त्यातही जवळपास तेवढीच. उकडा आहे म्हणून तिसरा डाव घेतला की मिळवलेले सगळे गेले.

नाचणीचेही तसेच. नाचणी भातापेक्षा धाग्याने चांगली, यात वाद नाही. मी एकदा ६० ग्रॅम पिठाची भाकरी आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिठाचे, गूळ न घालता, तिझान (पातळ खीर) करून मोजले. भाकरीने ४६ वाढली, तिझानाने ८८. पीठ तेच, पण शिजवून पातळ केले की ते पेजेच्या वाटेने जाते. गूळ घातला तर बोलायलाच नको. गूळ रंगाने तांबडा असला तरी बहुतेक साखरच आहे, मधुमेहाला तो चालतो असे सांगणाऱ्या शेजारणीवर विश्वास ठेवू नका.

जेवणानंतरचे चालणे हा माझ्या अनुभवात सगळ्यांत स्वस्त उपाय. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त उतरली, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर. आमच्याकडे चार महिने पावसाची झड असते, तेव्हा मी पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा मिनिटे फेऱ्या घालते.

शागोतीच्या (कोंबडी-मटणाच्या रश्श्याच्या) दिवशी दोन तासांचा आकडा फसवतो. रविवारी शागोती-वडे झाले की दोन तासांनी १६४ बघून मी खूश व्हायचे. एकदा सहज चार तासांनी मोजली, २१९. भाजलेल्या खोबऱ्याच्या स्निग्धांशामुळे पोट उशिरा रिकामे होते, वड्यांची साखर मागाहून येते. त्या दिवशी चार तासांनीही मोजा, आणि "आकडा चांगला आहे" म्हणून चारच्या चहाबरोबर काही खाऊ नका.

आकडे वेडेवाकडे येत असतील तर

ताटाला हात लावण्याआधी मशीन आणि हात बघा. मे महिन्यात मानकुराद कापून झाल्यावर मी बोट टोचले आणि २६८ आले. छातीत धस्स झाले. मग साबणाने हात धुतले, कोरडे पुसले, दुसऱ्या बोटातून घेतले तर १५७. बोटावर आंब्याचा रस होता, मशीनने तो मोजला. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो पुरता जात नाही, पाण्यानेच धुवायला हवे.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. स्ट्रिपला दमटपणा सोसत नाही. डबीचे झाकण पावसाळ्यात मिनिटभरही उघडे ठेवू नका, डबी मोरीजवळ किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत नको, फ्रीजमध्येही नको. डबी उघडल्यावर स्ट्रिप किती दिवस चालतात ते तिच्यावर छापलेले असते, उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. आणि चांगल्या मशीनलाही साधारण १५ टक्के फरक माफ असतो. खरी १८० असेल तर १५५ही दाखवील आणि २०५ही. म्हणून एका आकड्यावरून जेवण बदलू नका. तीन दिवस एकच गोष्ट दिसली तर ती खरी धरा.

सकाळी उपाशीपोटीच साखर १३०च्या वर येत असेल, तर आधी रात्री किती वाजता आणि काय जेवता ते बघा. रात्री नऊनंतरचा भात सकाळपर्यंत रेंगाळतो. जेवण लवकर आणि हलके असूनही वाढत असेल, तर पहाटे शरीरातले कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक यकृताला साखर सोडायला लावतात, त्यामुळेही ती चढते. दोन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर मोजून तो कागद डॉक्टरांकडे न्या. तीनला ७०च्या खाली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, सकाळीच फोन करा. ताप, जागरण किंवा स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल तर आहार कितीही सांभाळला तरी साखर चढते, तेव्हा जेवणाला दोष देऊन उपाशी राहू नये. आणि आकडा ३००च्या वर टिकून असेल, उलट्या होत असतील, तहान भागत नसेल, तर हे सगळे बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

चवथ

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माझ्याकडे सगळे हेच विचारायला येतात, म्हणून थोडे सांगते. तयच्या (हरितालिकेच्या) दिवशी उपवास धरायचा असेल तर गोळ्यांचे काय करायचे ते आठवडाभर आधी विचारून ठेवा. उपवास म्हणून साबुदाणा खाल्ला तर तो भातापेक्षा हलका नाही, जवळजवळ सगळा स्टार्चच आहे. नैवेद्याच्या पानावर नेवरी (करंजी), पातोळी, मणगणे आणि भात असे सगळे एकदम येते. मी दोन नेवऱ्या घेते आणि भात घेत नाही. खतखते (मिसळीची भाजी) मात्र पोटभर, त्यातले कंद तेवढे बेताने. मणगण्यात हरभऱ्याची डाळ असली तरी गूळ आणि साबुदाणा असतो, म्हणून दोनच चमचे, देवाचा प्रसाद म्हणून.

गेल्या चवथीला जाऊबाईंनी माझे पान बघून विचारले, "भात कुठे गो तुझा?" मी म्हटले, नेवरीत बसला. आरती झाली, सगळे राजांगणात गप्पांना बसले, मी त्यांच्याभोवतीच वीस मिनिटे फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला दीर उठून बरोबर चालायला लागले, मग सासूबाईंची धाकटी बहीण. वहीत त्या दिवशी जेवणाआधी १३१, दोन तासांनी १८८, चार तासांनी १५२.